कपांभोवती गुंडाळलेलं जहाज

प्रिय बेबी,

तुझं पार्सल गेल्या आठवड्यात पोचलं. सहा कप, तुझ्या दादासाठी लोकरीचा स्वेटर आणि हाताला लावायच्या मलमाच्या दोन ट्यूब. जकातीचे एकशे चाळीस पडले. एका कपाचा कान तुटला, त्यात मी पेन्सिली ठेवल्यात. बाकी सगळं देवाच्या कृपेने धड आहे. लग्न होऊन परमुलखात गेली तरी बहीण माझा चहा विसरली नाही, असं म्हणत दादाने पहिला कप डाव्या हाताने उचलला.

उजव्या हाताचं तुला आम्ही नीट कधी लिहिलंच नाही. कामावर लागलं, एवढंच कळवलं. जहाजावर दोर ओढायचं यंत्र असतं, त्याच्या दातेऱ्यांवरचं झाकण कुणीतरी काढून ठेवलं होतं. तीन बोटं गेली. कंपनीने कागदावर लिहिलं, फिटरचा, म्हणजे दादाचाच, निष्काळजीपणा. अगं, घरातले स्क्रूसुद्धा मोजून डबीत ठेवणारा माणूस तो! झाकण कुणी काढलं, एवढंच एखाद्या न्यायाधीशाने कंपनीला विचारावं, म्हणून दीड वर्ष मी पायऱ्या झिजवतेय.

आणि गंमत बघ. इथलं कोर्ट म्हणालं, अपघात भर समुद्रात, कंपनीचं इथे काहीच नाही, आम्ही दावा कसा चालवणार? कंपनी म्हणते, जहाजावर ज्या देशाचा झेंडा, तिकडे जा. तो देश मी मुलीच्या जुन्या नकाशात शोधला. पेन्सिलीचं टोक टेकवलं की अख्खा झाकला जातो, आणि जहाज म्हणे तिथे जन्मात गेलेलं नाही! मालक तिसऱ्याच देशात, पगार यायचा चौथ्यातून. मॅट्रिकला भूगोलात मला चांगले मार्क होते, पण हे कुणी शिकवलं नव्हतं. देवाच्या दरबारात हद्दीचा प्रश्न नाही, पण तो तारीख सांगत नाही.

शेवटी एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्कच झाले. म्हणाल्या, मालक सापडत नसला तर जहाज धरायचं. ते ज्या बंदराला लागेल तिथलं कोर्ट त्याला अडवू शकतं, मग दावाही तिथे चालू शकतो. तेव्हापासून मी पेपरातल्या जहाजांच्या याद्या वाचत सुटले. नाव काही कुठे येईना. दादा म्हणायचा, देवापेक्षा त्या जहाजाचाच जप जास्त चाललाय तुझा, सोड आता.

तू कपांना गुंडाळलेले वर्तमानपत्राचे कागद टाकवेनात, म्हणून फडताळात घालायला मी हाताने सपाट करत बसले होते. एकावर तुमच्या बंदरातल्या नव्या क्रेनचा फोटो, मागे एका जहाजाची मागची बाजू. नाव वेगळंच, पण रंगाखालून आपल्या त्या जहाजाच्या नावाची अक्षरं उठून आलेली. दादाला दाखवला. तो बघत राहिला, मग म्हणाला, घाल फडताळात. मी घातला. सकाळी बघते तर कागद गायब, आणि त्याच्या नोकरीच्या पुस्तकात नीट घडी करून ठेवलेला!

आता पत्राचं खरं कारण. फोटोखालचा मजकूर वकीलबाईंनी वाचून दाखवला: हे सिमेंटचं जहाज तुमच्याकडे दर चाळीस दिवसांनी येतं. म्हणजे पेपरच्या तारखेपासून मोजलं तर पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेच्या आसपास. नाव, रंग, झेंडा, सगळं बदलतं, पण जहाजाचा सात आकडी नंबर जन्मभर तोच राहतो. फोटोत शेवटचे चार आकडे दादाच्या नोकरीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळतात, पहिले तीन क्रेनच्या हुकाआड गेलेत. नुसत्या चारांवर कोर्ट जहाज थांबवणार नाही, आणि दावा लावायची मुदत पाच महिन्यांत संपतेय. तुझे हे धक्क्यावर कामाला आहेत, त्यांना यात गुंतवू नकोस. त्यांच्या पोटावर पाय नको. तुझ्या गच्चीतून दुर्बिणीने दिसेल तेवढंच बघ. ते तीन आकडे मला पाठ आहेत, पण इथे मुद्दाम लिहीत नाही. तू त्याची बहीण आहेस, मी लिहिले तर तुला तेच दिसतील. जे दिसेल तेच लिही, दुसरे निघाले तरी लिही. या पत्राचं दादाला मी अजून काही बोलले नाही. जहाज लागलं की त्याच दिवशी पत्र टाकून कळव, म्हणजे त्याच्या पुढच्या खेपेला कोर्टाकडून ते अडवता येईल.

तुझीच,
वहिनी