सतराव्या बुरुजावरचा बेडूक

बिबवेवाडी, पुणे
शुक्रवार (तारीख टाकली असती, पण खोलीतलं कॅलेंडर गेल्या वर्षीचं आहे)

तीर्थरूप रामदासमामा यांस,

शंभूचा विश्रांतवाडीच्या दिशेला तोंड करून साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. खोलीत आम्ही तिघं राहतो, आडवं व्हायचा नंबर रात्री दहानंतर लागतो.) तुमची कंबर कशी आहे? मामींचे गुडघे? सोमवारी मी तुमच्या दारात आलो होतो, तेव्हा मामी म्हणाल्या की तुम्ही बाहेरगावी गेलात. चपला मात्र दारातच होत्या आणि आतल्या खोलीत कोणीतरी थेट तुमच्यासारखं खोकत होतं. अनवाणी गेलात आणि खोकला घरी ठेवून गेलात, म्हणजे तब्येत चांगलीच सुधारलेली दिसते, त्याचा आनंद वाटला. फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंत, म्हणून हे पत्र. पाकीट घ्यायला गेलो तर पोस्टातल्या बाईंनी कुठे पाठवायचं ते विचारलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “विश्रांतवाडी? बसनं जा की.” मी म्हटलं, बसनं जाऊन आलो, आता पाकीट द्या.

झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी मी तिसऱ्या दिवशी सोडली, म्हणून तुम्ही रागावलात हे मला कळतं. पण मी सोडली नाही हो, ती सुटली. मालकांनी कागदाचं रीम आणायला पाठवलं. वाटेत मंडईपाशी एक टेम्पोवाला भेटला. त्याला सासवडहून सीताफळं भरून आणायला माणूस हवा होता. तासाभराचं काम म्हणाला. तिकडे त्याच्या मेव्हण्याच्या शेतात बोअर मारायचं चाललं होतं. जमिनीतून पाणी वर येताना मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून थांबलो. पाणी दुसऱ्या दिवशी लागलं. (साडेतीनशे फुटांवर. गोड आहे.) रीम मी शेवटी नेऊन दिलं, पण तोवर दुकानात दुसरा मुलगा उभा होता. असो. सांगायचं हे नव्हतंच.

सांगायचं ते तात्यारावांचं. तुम्ही त्यांना ओळखत नाही, मीही गेल्या रविवारपर्यंत ओळखत नव्हतो. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आमच्या मागच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांचा ‘देवाणघेवाण मेळावा’ भरतो. सात वर्षं भरतोय आणि सात वर्षांत एकाही वस्तूची देवाणघेवाण झालेली नाही. कारण प्रवेशाची अटच अशी आहे, की आपल्याकडची जी वस्तू काही झालं तरी कुणाला देणार नाही, तीच घेऊन यायची. आता असली वस्तू आणल्यावर ती बदलणार कोण? हे मी दारातच विचारलं, तर तात्याराव म्हणाले, “आपण नवीन दिसता. चप्पल उलटी काढलीय, सरळ करा.”

मी गेलो ते खरं तर तिथे उत्तम भजी असतात असं ऐकून. (असतात. कांद्याची.) न्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण माझं सगळं सामान एका सॅकमध्ये मावतं आणि त्यातलं काहीही कुणीही मागितलं तरी मी देऊन टाकीन. म्हणून मी एक वस्तू दुसऱ्या ठिकाणाहून नेली. कोणती, कुठून, ते शेवटी सांगतो. आधी पाणी पिऊन घ्या.

तिथली माणसं तुम्हाला आवडली असती, मामा. सुदर्शन म्हणून एक कंपनीतला इंजिनिअर आहे, त्याच्याकडे एका गेमच्या कॅसेटचं रिकामं खोकं आहे. कॅसेट हरवली, पण खोकं वडिलांनी आणलेलं, म्हणून तो ते देत नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीत गेनबा नावाचे रिक्षावाले बसतात. त्यांच्याकडे तीच कॅसेट आहे, खोक्याशिवाय. ती त्यांना बहिणीने राखीला दिलेली, म्हणून तेही देत नाहीत. सात वर्षं दोघं शेजारी बसतात. दर महिन्याला दहा मिनिटं कॅसेट खोक्यात ठेवतात, चहा पितात, मग आपापलं उचलून घरी जातात. परत सुदर्शन जातो गेनबांच्याच रिक्षातून. मी म्हटलं, एकाने दुसऱ्याला देऊन का टाकत नाही? तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरातल्या कुणाची किडनी मागितली.

मग माझी पाळी आली. मी वस्तू काढली, तिची गोष्ट सांगितली. अगदी रंगवून सांगितली, गेनबांनी डोळे पुसले. तात्याराव सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “छान. पण यात जीव अडकलाय तो दुसऱ्या कुणाचा. आपण स्वतः काय सोडणार नाही?”

मामा, बावीस वर्षांचा झालो, पण असं काहीतरी असायला हवं होतं हे कधी लक्षातच आलं नाही. सगळे बघत होते. म्हणून काहीतरी करतोय असं दाखवायला मी टीव्हीमागे वाकलो, आणि तिथेच घात झाला.

टीव्हीमागे एक गेमचा डबा होता, माझ्या लहानपणी असायचा तसला. त्याचा लाल दिवा चालू, टीव्ही मात्र बंद. वर भिंतीवर तात्यारावांच्या सुवाच्य अक्षरात पाटी: ‘हा प्लग काढू नये. का, ते विचारू नये. विचारल्यास सांगण्यात येईल, पण फार वेळ जाईल.’ ती पाटी मला इतकी आवडली की तिचा फोटो काढून मित्राला पाठवावा असं वाटलं. मोबाईल बघतो तर बॅटरी संपलेली. चार्जर खिशात होता. सॉकेट एकच, आणि त्यात एक प्लग आधीच बसलेला. तो काढला आणि माझा चार्जर लावला. (होय मामा. पाटीचा फोटो काढायला मी पाटीखालचाच प्लग काढला. पाटी मी पूर्ण वाचली होती. अक्षरसुद्धा आवडलं होतं.)

लाल दिवा गेला. वर बघतो तर तात्यारावांच्या पत्नी, मालनबाई, भज्यांची ताटली घेऊन उभ्या. उजव्या हाताच्या अंगठ्याला हे एवढं प्लास्टर. (दोन दिवसांपूर्वीच न्हाणीघरात घसरल्या होत्या.) बाकीची मंडळी तोवर चहाकडे वळली होती. हळूच म्हणाल्या, “प्लग परत लाव. चेहरा सरळ कर.” मग वळून मोठ्याने, “अहो, मंडईतून सुरण आणा बरं.”

तात्याराव म्हणाले, “आत्ता? मेळावा चालू आहे.”

“मेळावा सात वर्षं चालूच आहे. सुरण संपेल.”

तात्याराव पिशवी घेऊन गेले, मंडळी पांगली, आणि मग बाईंनी मला समोर बसवून काय ते सांगितलं. त्यांची मुलगी कल्याणी सोळा वर्षांपूर्वी शिकायला जर्मनीला गेली. निघायच्या दिवशी ती बेडकाच्या गेमला बसली होती. तोच हो, तुमच्या गेमच्या दुकानात सगळ्यात जास्त चालायचा तो, बेडूक किल्ल्याचे बुरुज चढत जातो तो. खाली टॅक्सी आली तेव्हा ती सतराव्या बुरुजावर होती. सतरावा! तिने तिथेच थांबवून ठेवला आणि म्हणाली, “बाबा, बंद करू नका. कायमची परत आले की पुढे खेळीन.” त्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नाही हे तुम्हाला मी काय सांगावं. डबा बंद झाला की बेडूक परत पहिल्या पायरीवर. म्हणून तात्यारावांनी तो डबा सोळा वर्षं बंद केला नाही. रोज पाच वाजता एक मिनिट टीव्ही लावायचा, बेडूक बघायचा, टीव्ही बंद. कल्याणी दर रविवारी फोनवर पहिलं तेच विचारते, “बेडूक आहे ना?” मधे दोन-चारदा सुट्टीला आली, पण हात लावला नाही. परत जायचंय म्हणाली. आणि आता ती खरंच कायमची येतेय. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी.

मी म्हटलं, काकू, मी आत्ताच काकांच्या पाया पडून सांगतो. तर बाई म्हणाल्या, “गप बस. गुरुवारी काय होतं असं वाटतं तुला?”

गुरुवारी, मामा, लाईट जाते! सोळा वर्षांत कितीतरी गुरुवारी गेली. इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकतो. तात्याराव गुरुवारी सकाळी दहा ते एक ज्येष्ठ नागरिक संघात असतात. पहिल्यांदा लाल दिवा गेला तेव्हा बाईंनी आयुष्यात जॉयस्टिक धरली नव्हती. तो गुरुवार त्या नुसत्या रडल्या. मग टीव्ही बिघडलाय म्हणून पंधरा दिवस पाच वाजताचा बेडूक चुकवला आणि शिकल्या. पोळ्या उरकून, दार लावून. सतराव्या बुरुजापर्यंत चढवून, उजव्या खिडकीत उभा करून, थांबवायचा. आता चाळीस मिनिटांत करतात. शंभर वेळा तरी केलंय म्हणाल्या. नवऱ्याला पत्ता नाही, मुलीला पत्ता नाही. आणि नेमका आत्ता अंगठा गेला.

तेव्हापासून मी रोज तिथे जातोय. टीव्हीचा रिमोट बाईंनी तांदळाच्या डब्यात पुरलाय. तात्याराव शोधतात, बाई त्यांना सुरणासारख्या कामांना पिटाळतात आणि तेवढ्यात मी खेळतो. काल गुरुवारी तर सलग तीन तास खेळलो. माझा बेडूक सहाव्या बुरुजाच्या वर जात नाही. मधेच खिडकीतून दिसणाऱ्या पतंगाकडे माझं लक्ष जातं आणि तो खंदकात पडतो. बाई शेजारी बसून म्हणतात, “अरे, डाव्या पायाच्या अंगठ्यानं मी बरी खेळीन.” त्यांनी खरंच करून बघितलं. आठव्या बुरुजापर्यंत गेल्या.

पण एक सांगू? पाच दिवस मी रोज त्याच वेळी त्याच घरी जातोय. कुणी पाठवलं नाही, कुणी बोलावलं नाही, वाटेत टेम्पो दिसले तरी. असं माझ्या बाबतीत आधी कधी झालेलं नाही.

मामींना नमस्कार. चपला आत ठेवत जा.

आपला,
शंभू

ता. क. — मुद्द्याचं राहिलंच. तुम्ही दर दिवाळीत फराळाच्या वेळी सांगता, की दुकान होतं तेव्हा तुम्ही डोळ्यांवर रुमाल बांधून बेडकाला विसाव्या बुरुजावर नेला होता. आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यांच्या वतीने माफी मागतो. येत्या गुरुवारी सकाळी दहाला बिबवेवाडीला या. रुमाल नाही बांधलात तरी चालेल.

ता. क. २ — ती वस्तू. तुमच्या काचेच्या कपाटात लाल मखमलीत गुंडाळलेली जॉयस्टिक असते. दुकान विकलं तेव्हा सगळं दिलंत, ती एकच ठेवलीत, कारण तिच्या वायरवर माझे दुधाचे दात उमटलेत. मामींनी मला ते सांगितलं, तुम्ही कधी सांगितलं नाही. मेळाव्यात मी हीच गोष्ट सांगितली. आत्ता तुमच्या मखमलीत जो आहे, तो आमच्या खोलीतल्या पंख्याचा जुना रेग्युलेटर आहे. उघडून बघू नका, वाईट वाटेल. जॉयस्टिक सुखरूप आहे, तात्यारावांच्या डब्याला जोडून ठेवलीय. गुरुवारी येऊन घेऊन जा. (मामींना सगळं माहीत आहे. काच त्यांनीच उघडून दिली.)

ता. क. ३ — पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. आत्ता संध्याकाळी तात्याराव मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. कधी येत नाहीत. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, “आपले मामा गुरुवारी येणार म्हणे, जिन्यात ऐकू आलं. मी एकच्या आत येत नाही. आलोच तर जिन्यात दोनदा खोकेन.”

मी म्हटलं, काका, तुम्हाला कसं...

म्हणाले, “रिमोट तांदळाच्या डब्यात आहे. हिच्या हाताला प्लास्टर आहे. भात कोण लावतं?” मग म्हणाले, “कल्याणी गेली तेव्हा स्कोअर होता चौऱ्याऐंशी हजार तीनशे पन्नास. नंतर एका शुक्रवारी बघतो तर त्र्याऐंशी हजार नऊशे. मग पंच्याऐंशी हजार शंभर. ही बेडूक बरोब्बर खिडकीत उभा करते, आकड्यांकडे बघतच नाही. सोळा वर्षांत एकदाही जुळला नाही.”

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

“बोललो असतो तर तिनं खेळणं सोडलं असतं,” एवढंच म्हणाले आणि रस्ता ओलांडून भाजीवाल्याकडे गेले. दोन पावलं परत आले. म्हणाले, “मामांना म्हणावं, स्कोअर तेवढा चुकवा. अगदी बरोबर आला तर मला आश्चर्य दाखवावं लागेल, आणि ते मला जमत नाही.”

तेव्हा मामा, दिवाळीत सांगता त्यापेक्षा जरा वाईट खेळायचं आहे. मामी फोनवर म्हणाल्या, ते तुम्हाला जमेल.