मनूचं दुपारचं दूध

९-६-९६, रविवार
संगीताची रजा संपली. शाळा गुरुवारी उघडते. वडीगोद्रीला उतरून पुढं मैलभर चालत, वस्तीवरची शाळा. सूनबाई सव्वानऊला निघणार, यायला सहा वाजणार. मनू सव्वातीन महिन्यांची, आजपर्यंत नुसती आईच्या अंगावर.

आज चांदीचं बोंडलं काढलं, दत्ताच्या लहानपणीचं. चिंचेनं घासून उकळलं. सं.नं दूध काढून दिलं ते त्यात घातलं. मनूनं बोंडल्याची चोच तोंडात घेतली, जिभेनं बाहेर ढकलली अन् माझ्याकडं बघत राह्यली, जणू मी थट्टा करून राह्यले.

हे म्हणाले, "कोर्टात असे साक्षीदार रोज बघतो. आज फिरली, उद्या कबूल होईल."

११-६
कबूल न्हाई. चार वेळा बोंडलं, चार वेळा थुंकलं.

गल्लीच्या तोंडाला राहणाऱ्या सिस्टर आल्त्या. सरकारी दवाखान्यात आहेत, तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. वरचं दूध देऊ नका म्हणाल्या, आईचंच काढून द्या.

मी म्हणाले, आमचा दत्ता गाईच्या दुधावरच वाढला.

"वाढला हो. पण सलाईन किती वेळा लागलं तेबी सांगा न सुनेला."

दोनदा लागलं होतं. सांगितलं न्हाई.

१३-६, गुरुवार
सं. गेली. जाताना दोन वाट्या भरून ठेवल्या. माठाखाली परातीत पाणी, त्यात वाट्या, वर ओलं फडकं. मनूकडं बघितलं न्हाई. चपला हातात घेऊन मागच्या दारानं गेली.

मनू अकराला उठली. बोंडलं, न्हाई. वाटी-चमचा, न्हाई. मऊ चिंधीची वात करून दुधात बुडवली, तीही न्हाई. रडली, झोपली, उठून परत रडली. दोन चमचे पोटात गेले असतील. बाकी माझ्या पदरावर.

सहाला सं. आली. पदर दोन्ही खांद्यांवरून, ब्लाऊज ओला. तशीच धावली. मी थांबवलं. उन्हातून आलीस, आधी बस, पाणी पी, पहिल्या धारा काढून टाक, तापलेलं दूध बाधतं. तिनं ऐकलं. तेवढा वेळ मनू किंचाळत होती. पाच मिनिटं असतील. फार लांबली.

"किती प्यायली, आत्याबाई?"
"अर्धी वाटी," मी म्हणाले.

उरलेलं तुळशीला घातलं. अंगावरचं दूध मोरीत टाकू नये.

१५-६, शनि.
सकाळची शाळा, सं. एकला घरी. त्यामुळं बरं गेलं. दत्ता जालन्याहून आला. दर शनिवारी येतो. त्याच्यासमोर तिनं परत विचारलं. मी परत अर्धी वाटी म्हणाले. तो मनूच्या मांड्या दाबून बघत होता. 

१७-६, सोम.
॥ श्री ॥ अधिक महिना लागला. तीन वर्षांनी येतो. नेम धरला: रोज बाळकृष्णाला निरशा दुधाची आंघोळ, पूजेत मौन, महिनाभर एकभुक्त, रात्री पोथीचा एक अध्याय. सोवळं बराबर पाळायचं.

मनू: तीन चमचे.

१९-६, बुध.
हातून झालं ते लिहून ठेवते.

देवाच्या दुधाची वाटी गवळी गेला की वेगळी काढते. आज ती ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले. इकडं स्वयंपाकघरात मांजर शिरली. सं.ची बस निघायची वेळ. तिनं मनूची वाटी (आज एकच भरली होती) माठाखालून उचलली अन् देवघरात ठेवली, तिथं कोणी हात लावत न्हाई म्हणून. घाईत सांगायचं राहिलं. मी सोवळ्यात आले, समोर वाटी होती, सं.नं आणून ठेवली असंल वाटलं, मौन होतं. घातली बाळकृष्णावर. तीर्थ केलं. ह्यांना दिलं, मी घेतलं. हे कोर्टात गेले.

अकराला माठाखाली हात घातला तर परात रिकामी. ओट्यावर देवाचं दूध तसंच, साय धरलेलं. तेव्हा कळलं.

बाळकृष्ण परत पाण्यानं धुतला. पोथीत शोधलं, असं झालं तर काय करावं ते कुठं दिलेलं न्हाई.

घरात थेंब न्हाई. एकपर्यंत मनूनं रडून अंग निळं केलं. गाईचं दूध पाण्यात मिसळून चमचा भरला होता. दिला न्हाई. का न्हाई दिला, सांगता येत न्हाई. कुलूप लावलं, तिला पदरात बांधलं अन् स्टँडवर गेले. गेवराईची गाडी मिळाली, वडीगोद्रीला थांबणारी.

शाळेत पोरं पाढे म्हणत होती. मला बघून थांबली. एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमची आई आली!"
"आई न्हाई गं, सासू."
"सासू?" सगळी हसली. मागच्या पोरानं विचारलं, "मारती का?"

नकाशांच्या खोलीत सं.नं तिला घेतलं. मी धारा काढायचं म्हणाले न्हाई. मनू प्यायली तो आवाज बाहेर फळ्यापर्यंत येत होता.

हेडमास्तर दाराशी. तोंडावर गोड. "आज आणलं ते ठीक आहे, बाई. पण असं चाललं तर उद्या मी खुंट्यांना पाळणे टांगू का नकाशे?"
सं. "न्हाई सर, आजच," म्हणाली. मान वर केली न्हाई.

येताना बसमध्ये तिनं विचारलं, "आत्याबाई, खरं सांगा. ती रोज अर्धी वाटी पीत न्हाई न?"
न्हाई म्हणाले.
शहागडच्या बाजूचे लोक चढले होते, गर्दी होती. बाकी बोलणं झालं न्हाई.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. चष्मा काढून पुसला. मंग म्हणाले, "देवाचं राहू दे. मला तीर्थ म्हणून काय पाजलंस तेवढं नीट सांग."

२३-६, रवि.
दत्ता म्हणाला, महिनाअखेरपर्यंत बघू. मनू दुपारचं प्यायली न्हाई तर राजीनामा. पोरगी वाळून राह्यली. खरं आहे, गेल्या खेपेपेक्षा हलकी लागते. सं. भाजी निवडत होती. देठ अन् पानं एकाच टोपल्यात टाकत होती. मंग म्हणाली, "ठीक आहे."

तिला ही नोकरी लागून दीड वर्ष झालं. मुलाखतीला मीच सोबत गेल्ते, बीडपर्यंत. मॅट्रिकनंतर मलाही मास्तरणीची ऑर्डर आल्ती. तेव्हा दत्ता पोटात होता. तो कागद चुलीपाशी बरेच दिवस होता, मंग दिसला न्हाई.

२४-६
सिस्टरकडं गेले. झालं ते सगळं सांगितलं. आधी पोट धरून हसल्या. "मंग काय म्हणतोय बाळकृष्ण? पचलं का त्याला?" मंग म्हणाल्या, लेकरू वास शोधतंय. तुमच्या अंगाला कापूर अन् गोमूत्राचा वास. सुनेची नेसलेली साडी नेसा, धुतलेली बिलकुल नको. भूक लागून रडायच्या आधीच वाटी लावा. अन् बोंडलं ठेवून द्या, सरळ वाटीची कड ओठाला लावा, ती चाटंल.

म्हणाले, अधिक महिना आहे. दुसऱ्याचं पारोसं नेसून मी देवघरात कशी जाऊ?

"नका जाऊ. दुपारी देव झोपलेलाच असतो न?"

२५-६
नेसले न्हाई. मनू: दोन चमचे.

२६-६, बुध.
सं. गेल्यावर तिचं कालचं पातळ खुंटीवर होतं. जांभळं, काठाला खडूची पांढरी बोटं. पूजा उरकली, देवघराचा पडदा ओढला. नेसले. घामाचा अन् दुधाचा आंबूस वास. खिडकी उघडली.

मनू जागी झाली पण रडली नव्हती. मांडीवर घेतलं. तिनं पदरात तोंड घातलं, हुंगलं, शोधलं. मी वाटीची कड खालच्या ओठाला लावली. जीभ आली. मांजरीच्या पिल्लासारखं चाटलं. मंग ओढायला लागली. पाऊण वाटी. मान कलती करून झोपली.

बराच वेळ उठले न्हाई.

परत आंघोळ करावी लागली असती. नळाला चार दिवसांनी पाणी येतं. हातपाय धुतले, पोथी दारात बसून लांबूनच वाचली.

सं.ला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, नेसलेल्या पातळाकडं बघितलं. "सोवळं हो, आत्याबाई?"
"तू खिचडी टाक," मी म्हणाले.

२७-६, एकादशी
एक वाटी पुरी. दुसरीतली चौथाई. पातळ नेसूनच दिवस काढला. देवाला सकाळी भेटले तेवढंच.

३०-६, रवि.
दत्तानं स्वतः बघितलं. सं.ला मुद्दाम शेजारी पाठवलं, मी पातळ नेसले, मनूनं वाटी संपवली अन् कड चावली. तो हसला. "आई, तू तर पटाईत झालीस." राजीनाम्याचा विषय काढला न्हाई. सं. परत आली तेव्हा वाटी पालथी होती. तिनं ती उचलून आत बघितलं.

१-७, सोम.
सं. सहाला आली, हातपाय धुतले, मनूला घेतलं. मनूनं तोंड फिरवलं. एकदा, दोनदा. मंग माझ्याकडं हात केले. मी अजून त्याच पातळात होते. सं. म्हणाली, पोट भरलं असंल. असंल, मी म्हणाले.

सातला परत लावलं. दोन घोट, मंग चिडून सोडलं. वाटीला भसाभसा येतं, अंगाला ओढावं लागतं. चव कळली तिला.

२-७
तेच. सकाळी प्याली, संध्याकाळी न्हाई. सं.च्या छातीत दुधाच्या गाठी झाल्या, गरम पाण्यानं शेक दिला. रडली न्हाई. वही तपासत बसली. तीच वही दोनदा.

३-७, बुध.
सं. हल्ली शाळेतून येताना डबाभर दूध आणायची, ते आता कमी आलं. मधल्या सुटीत नकाशांच्या खोलीत काढते. म्हणे आटून राह्यलं. सकाळच्या दोन वाट्यांच्या दीड झाल्या. मेथीचे लाडू केले, खसखस घातली. हे म्हणाले, "आता लेकीचा ताबा कुणाकडं, हे प्रकरण लांबणार." हसलं कोणी न्हाई. त्यांनीच ताट सरकवलं.

सिस्टर म्हणाल्या, तिनं घरात असेल तेवढा वेळ अंगावरच घ्यावं, तुम्ही समोर राहू नका. लेकरू वळतं. न्हाई वळलं तर दूध जातं. दोन्ही बघितलंय.

४-७
भाकरी थापताना सं. म्हणाली, माझ्याकडं पाठ होती, "आत्याबाई, दुपारी जरा कमी पाजता का?"
"लेकराला उपाशी ठेवू?"
"न्हाई. मला तसं न्हाई म्हणायचं."

 भाकरी जाड थापली गेली, मधे कच्ची राहिली. ह्यांनी गुपचूप खाल्ली.

वाईट वाटलं असंल तर ते कोणासाठी, ते ठरवता येईना. मनू माझ्या मांडीवर गाढ झोपते हे मला आवडतं. लिहून ठेवते, देवासमोर लपत न्हाई तर इथं काय.

५-७, शुक्र.
सकाळी जांभळं पातळ भिजवलं. सोड्यात, दोन पाणी. दोरीवर टाकलं. माझं नऊवारी नेसले.

दुपारी मनूनं वाटी घेतली, पातळ नसताना. म्हणजे आता वासाचं काम उरलं न्हाई, माणसाचं आहे. अर्धी झाल्यावर वाटी बाजूला ठेवली. ती तोंड उघडून बसली, चिमणीच्या पिल्लासारखी. मी उठून दळण निवडायला बसले. तिनं हाका मारल्यासारखा आवाज केला. दोनदा. मंग मुठी चोखल्या.

साडेपाचला तिला घेऊन स्टँडवर गेले. घरी वाट बघण्यापेक्षा. भुकेली होती, खांदा चावत होती. गाडी आली. सं. उतरली, आम्हाला बघून घाबरली. "काय झालं?"
"काही न्हाई. घे."

बायकांच्या बाकड्यावर बसली. धारा काढल्या न्हाईत, मी आठवण दिली न्हाई. मनूनं तिच्याकडं बघितलं, मंग मान वळवून माझ्याकडं. मी तिथून निघाले अन् चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन गाड्यांचा फळा वाचत उभी राहिले. जालना. औरंगाबाद. पैठण. मागून रडणं आलं, ओळखीचं, दम लागलेलं. कोणी बाई म्हणाली, "भुकं आहे वाटतं." सं.चा आवाज आला न्हाई. घनसावंगी. परतूर. गेवराई.

बीडच्या ओळीला पोचले तेव्हा रडणं थांबलं. प्यायला लागली का रडून दमली, मागं वळून बघितलं न्हाई. फळा परत वरपासून वाचायला घेतला.