बाबाच्या नावाचा हॉटस्पॉट

पूनम,

मी मोताळ्याच्या बाजारात जाऊन राह्यली. तुही मुलाखत अकराले हाये म्हणून फोन घरीच ठेवला. खिडकीतून हलवू नको, तिथंच रेंज राह्यते. हॉटस्पॉट चालू करून ठेवला हाये. लॅपटॉपवर तुह्या बाबाचं नाव दिसन, ते दाबजो. आधी भाकर खाऊन घे.

काल तू ते नाव काढून तुहं टाकाले गेली, तं मी उगीच खेकसली. चुकलंच माह्यं. काय सांगू माय, ते होते तवा त्यायचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. आता हॉटस्पॉट लावाच्या निमतानं रोज वाचतो. कोणाले नेट लागत नसलं तरी लावतो.

तुही आई