हिरव्या चेहऱ्याचा नावाडी

मारिकिना, रविवार दुपार

प्रिय गानी,

पत्र बघून दचकू नकोस. तुझा लोलो धडधाकट आहे, फोनही चालू आहे. पण फोनवर आजोबांना मधेच तोडायची तुम्हा सगळ्यांना सवय आहे आणि मला हे एका दमात सांगायचं आहे. तुझी लोला, माझी म्हातारी, समोर बसून लसूण सोलतेय आणि दर दोन ओळींनी विचारतेय, "लिहिलंस का ते, अंबो?" अजून नाही लिहिलं. येतो त्यावर.

तुझ्या आईने, तेसीने, मला सगळं सांगितलं आहे. भर बैठकीत साहेबांनी तुला म्हटलं, चित्रातल्या मुलीच्या चेहऱ्यात जरा ऊब आण, आणि तू सगळ्यांदेखत पडद्यावर तो चेहरा शेवाळासारखा हिरवा केलास. मग कुणीतरी म्हणालं, "काय रे, पोरगी आजारी आहे की जलपरी?" आणि सगळी खोली हसली. मग डोळ्यांचा डॉक्टर, ती ठिपक्यांची पानं, आणि निकाल: लाल-हिरव्यातला फरक तुला नीट दिसत नाही. आणि आता तू म्हणतोस की गुरुवारी तुझी चित्रं निवड समितीपुढे जायची आहेत ती मागे घेणार, स्टुडिओचा राजीनामा देणार आणि मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणार. बस की. पण तिथेही रंगाचे डबे असतात बरं का.

रागावू नकोस. थट्टा केल्याशिवाय मला गंभीर होता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तुला वाटतं, मी जन्मापासून मोठा चित्रकार. घरात ती जुनी प्रमाणपत्रं लावली आहेत ना, त्यांचा दोष. मी क्यूबाओच्या स्टुडिओत लागलो तो रंगकामाला. तेव्हा संगणक नव्हते. काचेसारखा पारदर्शक, पातळ प्लास्टिकचा कागद असायचा, त्याला आम्ही सेल म्हणायचो. पुढच्या बाजूला रेघ, आणि रंग भरायचा मागून, म्हणजे पुढून ब्रशचे फराटे दिसत नाहीत. कार्टूनच्या मालिका परदेशातून यायच्या. कुठे कोणता रंग, ते सगळं तिकडूनच ठरून यायचं, आकड्यांत. टोपी चौदा, गाल एकतीस, पँट सात. भिंतभर बरण्या, प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी. मी आकडा वाचायचो, बरणी उचलायचो, भरायचो. रेषेबाहेर एक थेंब नाही. सहा महिन्यांत माझ्याइतका सफाईदार हात अख्ख्या मजल्यावर नव्हता, आणि हे मी नम्रपणे सांगत नाहीये.

मग ते वादळ आलं. तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं आणि बरण्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या सुटून तरंगू लागल्या. पाणी ओसरल्यावर आमचे मुख्य, मांग तिबो, यांनी एका नव्या मुलीला सांगितलं, रंग बघून चिठ्ठ्या पुन्हा चिकटव. ती मुलगी म्हणजे समर बेटावरून नुकतीच आलेली पासिता, तुझी लोला. तिचं काम अर्धं झालं होतं. मला नावाड्याच्या चेहऱ्यासाठी एकतीस हवा होता आणि त्या बरणीवर अजून चिठ्ठी नव्हती. शेजारी सात जण बसलेले. कुणालाही विचारलं असतं तर दोन सेकंदांचं काम. पण विचारणार कोण? मी? मी अंदाजाने एक बरणी उचलली आणि बासष्ट सेल रंगवले. सुंदर रंगवले. संध्याकाळी मांग तिबोंनी ते पालथे पडलेले सेल एकेक करून उलटले, चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अंब्रोसिओ, हा नावाडी मेला कधी? मला तरी तिसरा दिवस वाटतोय."

बासष्ट हिरवे चेहरे, गानी. तुझा तर एकच होता.

सगळे हसले. तुझ्यासारखेच माझेही कान तापले. तेवढ्यात मागून ती नवी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "चिठ्ठ्या मी चिकटवल्यात. चूक माझी आहे." मांग तिबोंनी तिला यथेच्छ झापलं आणि बासष्ट सेल धुऊन पुन्हा रंगवायला बसवलं. मी ब्रश धुवायला निघून गेलो. आभारसुद्धा मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली, व्हिनेगरची बशी पुढे सरकवली, तीत बारक्या मिरच्या होत्या. म्हणाली, "त्या बरणीवर मी चिठ्ठी लावलीच नव्हती. तू काय बघून घेतलीस? बरं ते जाऊ दे. यातली लाल मिरची उचल." मी उचलली. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "अरे देवा, म्हणजे मी लाजले तरी तुला कळायचं नाही!" मी आजही म्हणतो की मागणी तिने घातली. ती कबूल होत नाही.

आता कळलं तुला. मलाही लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. जन्मापासून. हे या जगात आज सकाळपर्यंत एकाच माणसाला माहीत होतं आणि ते माणूस आत्ता लसूण सोलतंय.

त्यानंतर ती माझ्या शेजारच्या टेबलावर आली. बरणी चुकली की नुसती घसा खाकरायची. पण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती पुढची. वर्षभराने आमच्या स्टुडिओला पहिल्यांदाच आपलं स्वतःचं काम मिळालं, शाळेच्या मुलांसाठी टीव्हीवर दाखवायच्या छोट्या गोष्टी. एका मासेमारी नावेवरची चार भावंडं. परदेशातून कुणी काही ठरवून देणार नव्हतं. प्रत्येक जण चित्रं काढून आणू लागला आणि प्रत्येकाने तेच केलं: चार सारखी मुलं, लाल शर्ट, हिरवा शर्ट, पिवळा, निळा. मला त्यातली पहिली दोन जुळी वाटायची. मी पासिताजवळ चिडचिड केली, "शर्ट काढला तर ही पोरं ओळखायची कशी?" ती म्हणाली, "मग शर्टाशिवाय ओळखू येतील अशी काढ ना. तोंड कशाला चालवतोस?"

मी काढली. मोठा भाऊ चौकोनी, मान नाही, खांद्यांवर सरळ डोकं ठेवलेलं, कारण बाप गेल्यापासून ओझं त्याच्यावर. बहीण अशी की कोपरं, गुडघे, वेण्या सगळीकडे टोकं, कारण ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. तिसरा गोल, तोल कायम पुढे, कारण त्याचं लक्ष जेवणात. धाकटा म्हणजे एक पडलेला स्वल्पविराम, कायम कुणाच्या तरी मागे लपलेला. मग मी चौघांना काळ्या शाईने पूर्ण भरून टाकलं, डोळे नाहीत, तोंड नाही, आणि कॅन्टीनच्या भिंतीवर लावलं. स्वयंपाकीण आलिंग हुलिंगने डाव हातात धरूनच बघितलं आणि म्हणाली, "हा मोठा बिचारा दमलाय. ही भवानी भांडखोर. याला माझ्या पातेल्यापासून लांब ठेवा. आणि हा छोटा कशाला घाबरलाय रे?" मांग तिबोंनी तिथेच उभ्याउभ्या ते काम मला दिलं.

रंग पासिताने निवडले. एकूण एक. दमलेल्या भावाला विटका निळा, भांडखोर बहिणीला पिकलेल्या आंब्याचा. मी तिला फक्त एवढं सांगायचो की इथे गडद हवं, इथे उजळ; ते मला तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं दिसतं. पण नाव लागलं एकट्या माझं. लोक म्हणायचे, "अंबो, काय रंग आहेत!" आणि मी मान लववायचो. तिने कधी तक्रार केली नाही. करायला हवी होती. मला लाज वाटायला चाळीस वर्षं लागली.

त्या वर्षी आम्ही तिच्या गावी गेलो होतो. गावात एकच टीव्ही, दुकानाच्या खिडकीत ठेवलेला, आणि तो काळा-पांढरा. शनिवारी सकाळी चाळीसेक पोरं खिडकीसमोर चिखलात बसली. आधी कुणा दुसऱ्याची गोष्ट लागली, लाल शर्टाचा चांगला भाऊ आणि हिरव्या शर्टाचा लबाड भाऊ. पोरांचा नुसता गोंधळ. "कुणी चोरलं? हा की तो?" अर्धी पोरं चांगल्यालाच शिव्या घालत होती. मग आमची नाव आली. गानी, एकाही पोराने विचारलं नाही की हा कोण. धाकटा पाण्यात पडला तेव्हा पडद्यावर नुसती सावली होती, तरी चाळीस पोरं एकदम त्याचं नाव घेऊन ओरडली. त्या दिवशी मला समजलं की आपल्या देशातल्या निम्म्या पोरांना टीव्हीवर रंग दिसतच नाहीत, आणि त्यांच्यासाठी चित्रं काढायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही. इतका अभिमान मला त्यानंतर कधी वाटला नव्हता.

म्हणजे या आठवड्यापर्यंत. तुझ्या आईकडून मी तुझी तिन्ही पात्रं मागवून घेतली. सुकी मासळी विकणारी ती दालिसाय, तिचा काका, आणि बाटल्यांत भरून वादळं विकणारी ती बाई. छापून आणली, शाईने काळी केली आणि आपल्या दारावर लावली. दुपारी लोलाच्या पत्ते खेळणाऱ्या मैत्रिणी आल्या. त्यांना काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, हे कोण? दालिसायकडे बघून आलिंग बेबांग म्हणाली, "ही पोरगी बुटकी आहे, पण हिला ढकलून बघा, हलायची नाही." मी आत जाऊन नाक शिंकरून आलो. तेवीस वर्षांचा आहेस तू. हे मला तिशीत जमलं.

काकालाही ओळखलं. वादळवाली मात्र फसली आहे. तिचे केस आणि खांदे मिळून एकच ढिगारा होतो, आणि हातातली बाटली अंगावर धरल्यामुळे काळ्यात बुडून जाते. बायका म्हणाल्या, "ही टोपलीवाली का?" बाटली अंगापासून दूर धर, लांब हातात, आणि मान बगळ्यासारखी वर काढ. बुधवारपर्यंत होईल. आणि रंगांसाठी तुझ्या स्टुडिओतल्या कुणा विश्वासातल्या माणसाला शेजारी बसव, उघडपणे, सगळ्यांना सांगून, आणि त्याचं नाव तुझ्या नावाच्या बाजूला लाव. मी जे केलं नाही ते तू पहिल्या दिवसापासून कर. कुणी हसलं तर हसू दे, मग त्याचं पात्र काळं करून भिंतीवर लाव.

लोलाचा लसूण संपला आहे आणि ती आता नुसतीच माझ्याकडे बघत बसली आहे. तेव्हा लिहितो. गेल्या रविवारी तुझ्या आईचा फोन आला होता. तिने विचारलं, "तातय, डॉक्टर म्हणतात, हे बहुतेक आईच्या वडिलांकडून येतं, मुलीत ते दिसून येत नाही पण तिच्यातून नातवात उतरतं. तुम्हाला असं काही आहे का?" आणि मी म्हणालो, "मला? माझी नजर घारीची आहे." चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. फोन ठेवला आणि त्या दिवशी लोलाने जेवताना माझं ताट वाढलं नाही. त्या खोटेपणामुळे तू आठवडाभर समजत राहिलास की या घराण्यात तूच एकटा नासका निघालास. मला माफ कर. आज सकाळी तेसीला खरं सांगितलं. ती आधी रडली, मग मला खूप बोलली, आता ठीक आहे. तुला मात्र लिहूनच द्यायचं होतं, माझ्या सहीने, म्हणजे मला पुन्हा फिरवता येणार नाही. गुरुवारी तू त्या खोलीत जा, बाळा. आडनाव तुझं तुझ्या वडिलांचं आहे, नाक तुझ्या आईचं आहे. डोळे माझे आहेत.

तुझाच, आणि तुझा असल्याचा अभिमान असलेला,
लोलो अंबो