आधी माझी मेढ

ज्याच्या शब्दाने पाणी मागे सरले व कोरडी भूमी दिसू लागली, त्या प्रभूची कृपा या अक्षरांवर आणि ती लिहिणाऱ्या हातावर असो.

लोरोपिल, बारिंगो काउंटी
मंगळवार, २२ ऑक्टोबर २०१३

चिरंजीव नाशिपाए हीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

नाकुरूहून येणाऱ्या मटाटूच्या, म्हणजे प्रवासी गाडीच्या, चालकाने तुझे पत्र पोचवले. आपल्या काउंटीचा नकाशा काढून तेथील लोकजीवन एखाद्या वडीलधाऱ्याकडून लिहवून आणा, असे तुमच्या बाईंनी सांगितले. त्यासाठी तू मला निवडलेस, याचा आनंद झाला. गेल्या वर्षापर्यंत आपण जिल्हा होतो, यंदा काउंटी झालो. शेळ्यांना अद्याप कोणी कळवलेले नाही.

कागदाच्या पश्चिमेस डोंगररांग काढ. तेथे तुगेन लोक राहतात. ते नाचणी पिकवतात आणि झाडांवर मधमाश्यांसाठी पोकळ ओंडके टांगून मध काढतात. उत्तरेस पोकोट लोकांची गुरे. मध्ये सपाटी, आणि सपाटीत आपले तळे. डोंगरातल्या नद्या लाल माती घेऊन त्यात उतरतात, म्हणून त्याचा रंग दुधाच्या चहासारखा. या तळ्यातून एकही नदी बाहेर पडताना दिसत नाही. त्याच्या काठी आपण, इल चामुस लोक.

आपल्या होडीविषयी अवश्य लिही. हलक्या लाकडाच्या मोळ्या बांधून ती एका माणसापुरती करतात. तिच्यात पाणी शिरते आणि तरीही ती बुडत नाही. मासेमारी आटोपली की तिला उन्हात उभी करून वाळवतात. पृष्ठभागावर स्वस्थ राहण्याची ही विद्या मला होडीइतकी साधली नाही.

घर, शाळा, चर्च आणि आजीची कबर कोठे दाखवू, असे तू विचारले आहेस. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी एक रीत सांगतो. बाईंना ती पुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडे वस्ती हलवायची झाली, तर सर्वांत वडील पुरुषाने आपल्या दाराची मेढ, म्हणजे दाराशी रोवलेला खांब, प्रथम उपटायची. त्याच्याआधी दुसऱ्याने उपटली, तर तो वडील मेला असे जाहीर केल्यासारखे होते. म्हणून कितीही घाई असो, सगळे त्याच्या दाराकडे पाहत थांबतात. लोरोपिलमध्ये बावीस घरे आहेत. सर्वांत वडील मी आहे.

तळे दोन वर्षे वाढते आहे. शाळेच्या खिडक्यांपर्यंत पाणी आहे आणि फळ्याच्या खोलीत मासे फिरतात. चर्चचे बाक आम्ही डोक्यावरून बाहेर काढले. मी प्रवचनात सांगत राहिलो की, ज्याने सागराला सीमा घातली तो या तळ्यालाही घालील. सीमा तो घालतोच. ती माझ्या अंगणाअलीकडे असावी, एवढी भर मात्र माझी होती.

शेजारचा लेपारियो माझा बाळपणीचा सोबती. तो रोज दारात येऊन टोमणा मारतो. "काय रे हेझेकिया, खाट तरंगायला लागल्यावर निघायचं ठरलंय का? मग वल्हं उशाशी घेऊन झोप!"

मी म्हणालो, "प्रार्थना करतोय."

"कर की! पण तुझी प्रार्थना संपेस्तोवर पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलंय, ते कुणाला सांगू?"

तुझे बाबा एप्रिलमध्ये आले होते, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. जोएल म्हणाला, "बाबा, आईची हाडं आत्ताच वर नेऊ या. अजून जमीन कोरडी आहे." मी त्याला म्हणालो, "पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत जी निजली आहे, तिला तू उठवणारा कोण? पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस." त्याने ठेवलेले नाही. जुलैत कबरीवर पाणी आले. दर रविवारी मी कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्या जागी उभा राहत असे. आता पाय टेकत नाहीत.

मेढ मी का उपटली नाही, ते तुला कळले असेल. प्रवचनाचा आधार घेतला, पण खरे कारण तुझ्या आजीची कबर होती.

आपल्या वस्तीतली सिमालोई आजी बरी नाही, एवढेच लिहून पत्र संपवणार होतो.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

संपवता आले नाही.

गेल्या आठवड्यात सिमालोईच्या गोठ्यात पाणी शिरले. त्याआधी तिने मला विचारले होते, "थोरले, मगरीला 'आत या' म्हणायचं तेवढं राहिलंय बघा. एकदा सांगून टाका ना, निघू का?" मी म्हटले, "रविवारपर्यंत थांब." शनिवारी पहाटे ती शेळ्या सोडायला पाण्यात उतरली आणि मगरीने तिचा पाय धरला. लेपारियोने भाल्याने सोडवले. मोठ्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. काल मी भेटायला गेलो. क्षमा मागायला शब्द जुळवीत होतो, तोच ती म्हणाली, "थोरले, माझ्या शेळ्या कुणी सोडल्या का?" मी कोणालाच विचारले नव्हते.

आज सकाळी मी मेढ उपटली. पाण्याने माती मऊ झाली होती; एका हिसक्यात ती बाहेर आली. मला वाटले होते, आता लोकांना आवरायला दोन-तीन दिवस लागतील. मी उपटलेली मेढ खाली ठेवतो न ठेवतो, तोच घराघरांतून मेढी निघू लागल्या आणि बायका गाठोडी घेऊन बाहेर आल्या. एकाही घरात काही आवरायचे उरले नव्हते. गाठोड्यांवर धूळ होती. ती कित्येक महिन्यांपूर्वी बांधलेली होती, नाशिपाए, आणि मला दुखवू नये म्हणून कोणीही ते एका शब्दाने कळू दिले नव्हते.

वर तुगेन लोकांनी आम्हाला पावसापर्यंत राहू दिले आहे. त्यानंतर कोठे, ते मला माहीत नाही. तुझी आजी तळ्याखाली राहिली. तिला मी आणू शकत नाही. नकाशात कबर, शाळा, चर्च आणि आपले घर तळ्याच्या आतच दाखव. जोएलला माझे पत्र वाचून दाखव. त्याचा राग गेला नाही, तरी त्याला दोष देऊ नकोस.

जे कोणासाठी थांबले, ज्यांच्यासाठी कोणी थांबले, आणि जो कोणी हे वाचील, त्या सर्वांच्या पायांखाली परमेश्वर कोरडी जमीन ठेवो. आमेन.

तुझा आजोबा,
हेझेकिया लेमारिगा