काकांच्या छातीला बांधलेला पुतण्या

तीर्थरूप काकूस कागदावरचा साष्टांग नमस्कार (खरा घालायला गेलो तर मला उठवायला दोघं लागतात).

गुडघा कसा आहे? काका गेल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं ताईकडून कळलं. जेवत जा. मी जेवतो आहे, जरा जास्तच, कारण घाबरलो की मला भूक लागते.

घाबरण्याचं कारण रविवारची स्मृतिसभा. काकांनी तीस वर्षं फौजेत काढली, निवृत्तीनंतर गुहा धुंडाळल्या, नदीत होडी उलटवली (तीनदा, पैकी एकदा मुद्दाम) आणि साठीनंतर पॅराशूटच्या मागे लागले. त्यांच्या शेवटच्या उडीत मी बरोबर होतो, असं घरच्यांकडून ऐकून पॅराशूट क्लबच्या नव्या मंडळींनी 'शूर पुतण्या' म्हणून माझं भाषण ठेवलंय. काकू, मी उडी मारलेलीच नाही. सहा वर्षं हे ना तुला सांगितलं, ना रोजनिशीत लिहिलं. (त्या तारखेला 'हवा स्वच्छ' एवढंच आहे.)

झालं असं. नवख्या माणसाला जाणत्याच्या छातीला पट्ट्यांनी बांधतात. मी चाळिशीचा, काका अडुसष्टचे. मी पुढे, ते मागे. विमानाचं दार उघडलं आणि मी कडेचा दांडा जो धरला तो दोन्ही हातांनी आणि, नोंद अचूक हवी म्हणून लिहितो, एका पायाने. कानाशी काका ओरडले, "वहीवाल्या, सोड की!" मी म्हटलं, "काका, घरी जाऊ या ना." त्यांनी नुसता धक्का दिला असता तरी गेलो असतो. दिला नाही. पायलटला म्हणाले, "वळव रे, आज मलाच कंटाळा आलाय." पट्टे तसेच, मी त्यांच्या मांडीवर, असे आम्ही परत आलो.

खाली त्यांनी आपली उड्यांची वही पुढे केली आणि साक्षीदाराच्या जागी सही मागितली. लाजेने मान वर होत नव्हती. न वाचताच केली. घरी ते एवढंच म्हणाले, "पोरगा दारापर्यंत आला हो!" त्यापुढची उडी तुम्ही सगळ्यांनी आपल्या मनानेच जोडलीत. मी हरकत घेतली नाही. तू तर चारचौघांत पाठ थोपटलीस. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या उड्या बंद केल्या. म्हणजे त्यांची शेवटची उडी मी घालवली.

रविवारी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. रागाव हवं तेवढं.

तुझा,
वहीवाला

ता. क. ती वही सभेत काचेच्या पेटीत ठेवणार आहेत, शेवटचं पान उघडून. खोटी सही खोडावी म्हणून आज क्लबात गेलो. त्या पानावर काकांच्या अक्षरात आहे: 'उडी नाही. पुतण्याला मांडीवर घेऊन परत. तो लहान होता तेव्हा रजा मिळत नव्हती, ते राहून गेलं होतं.' खाली माझी सही. चांगली ठळक.

ता. क. २. आता मुद्द्याचं. क्लबला फोन करून, पेटीत आधीचं पान उघडून ठेवा, असं सांगशील का? तुझा शब्द ते मोडणार नाहीत. उडीचं खरं मी सांगतोच आहे. मांडीचं तेवढं घरात राहू दे.