बाकावर धरून ठेवलेली जागा

मंगळवार, ता. ९

प्रिय ताई,

तुला, भावजींना आणि मुलींना आमचा सलाम. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस, रागवायला पुढे बरंच काही आहे. माझी नोकरी ठीक चाललीय. हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालते, आणि घरी आमचे कपडे आठवडाभर तारेवरच असतात. तुझा भाचा उंच झालाय आणि एक नंबरचा आगाऊ. हे कामात असतात.

चर्च मिळालं का, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. मिळालं. पण आधी काय काय झालं ते ऐक.

पहिलं भलं मोठं होतं. दारातच एका गृहस्थांनी हसून आम्हाला मागच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. लहान मुलं असलेल्यांनी तिथे बसायचं म्हणे. उपदेश ऐकायला भिंतीवर स्पीकर होता, त्यातून नुसती खरखर. मी पाळकसाहेबांचे ओठ हलताना बघत बसले. बाहेरचे उठले की उठायचं, ते बसले की बसायचं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

दुसऱ्या ठिकाणी काच नव्हती, नजरा होत्या. आपल्या चिरंजीवांनी ऐन प्रार्थनेत "संपलं का?" असं खणखणीत विचारलं. निघताना एक बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी याला घरी कुणाकडे तरी ठेवून या." कुणाकडे ठेवू? कपाटाकडे? ओठांवर आलं होतं, गिळलं. त्यानंतरचे बरेच रविवार घरातच काढले. रविवारी आमच्या जिन्यात प्रत्येकाकडे कोणी ना कोणी येतं. आमचं दार कोणी वाजवत नाही. मी भिंतीला कान लावून शेजारच्यांच्या गप्पा ऐकायचे, ताई. इतकी वेळ आली.

मग हे तिसरं. टायरच्या दुकानावरचा एक हॉल, पंचवीस-तीस माणसं. पेटीवर निवृत्त कंडक्टर आजोबा, सूर चुकला तरी गाडी थांबवत नाहीत. दारात एक आजी गायनाची पुस्तकं वाटत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट याच्या हातात गठ्ठा दिला. "चल, मला मदत कर. माझे गुडघे गेलेत." तेव्हापासून हा सगळ्यांना पुस्तकं वाटतो आणि उशिरा येणाऱ्यांना दटावतोही. त्या दिवशी मला कितीतरी महिन्यांनी हसू आलं.

निघताना आजींनी विचारलं, "आणि मिस्टर?"

"रविवारी ड्यूटी असते त्यांना," मी म्हटलं.

त्यांची एक रीत आहे. कामामुळे ज्याला येता येत नाही, त्याच्या जागेवर गायनाचं पुस्तक ठेवतात. नर्सबाईंचं असतं, वॉचमनकाकांचं असतं. ती जागा कोणी घेत नाही. पुढच्या रविवारी आमच्या बाकावर एक पुस्तक होतं, नवीन कव्हर घातलेलं. "हे तुझ्या बाबांचं," आजी याला म्हणाल्या.

तुला कळलंच असेल आता. हे कामात नाहीत, हे इथे नाहीतच. आम्ही इथे राहायला आलो आणि दुसऱ्याच महिन्यात हे सोडून गेले. दुसरी कोणी आहे. फोन उचलत नाहीत. तुला कळवलं नाही, कारण लग्नाच्या वेळी तू जे बोलली होतीस ते तू पुन्हा काढणार नाहीस, हे मला माहीत होतं. तू काही न बोलता गप्प बसली असतीस, ते मला सोसलं नसतं.

याला मी बाबा कामाला गेलेत असंच सांगत आले. हल्ली त्याने विचारणंही सोडलं होतं. पण एवढी मोठी माणसं जागा धरून ठेवतात म्हणजे बाबा येणारच, असं त्याने आता मनात पक्कं धरलंय. पुस्तकावर हात ठेवून तो दाराकडे बघत बसतो. परवा गर्दी होती. एक पाहुणे तिथे टेकायला लागले, तर हा किंचाळला, "बाबा येणारेत!" पेटीसुद्धा थांबली. आजींनी पाहुण्यांना उठवलं आणि याला जवळ घेतलं. "हो रे राजा, येणार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगितलं तर ती माणसं हाकलून देणार नाहीत, एवढं कळतं मला. पण मग नवऱ्याने टाकलेली म्हणून बघतील, जपून बोलतील. त्या एवढ्याशा हॉलमध्ये मला चारचौघींसारखं बसायचं होतं, बस.

आज सकाळी याला सांगितलं. बाबा आता आपल्याकडे राहणार नाहीत, रविवारीही येणार नाहीत. रडला नाही. बूट घालता घालता म्हणाला, "मग तिथे कोण बसणार?" त्याला शाळेत सोडलं, कामावर गेले आणि चादरींत तोंड खुपसून रडले.

येत्या रविवारी आजींना सांगणार आहे. काय व्हायचं ते होवो. जाणं मात्र सोडणार नाही, याचं तिथे काम असतं.

तू ये, असं मी म्हणत नाही. मुलींच्या परीक्षा, भावजींची तब्येत, सगळं ठाऊक आहे मला. फक्त सांगून ठेवते, उपासना साडेनऊला सुरू होते.

वाट बघते, असं लिहिणार नव्हते.

तुझी,
धाकटी